दाबला की पातळ होणारा स्नायू

आमच्या तेर गावी परवा एक आरोग्य शिबिर झालं. सोनोग्राफीने मांडीचा स्नायू मोजून म्हाताऱ्यांच्या हातात चिठ्ठ्या दिल्या. आमच्या काकूंची सकाळची जाडी 1.42 सेंटिमीटर, दुपारी दुसऱ्या मुलाने घेतली ती 1.71. विचारलं तर उत्तर आलं, "मशीन नवीन आहे."

मशीनला कोण नावं ठेवतंय? 1968 सालीच जपानमध्ये इकाई आणि फुकुनागा यांनी ध्वनिलहरींनी दंडाचा स्नायू मोजून तो ताकदीशी ताडून पाहिला होता.  आपल्याकडे नव्वदच्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने खेड्यांतल्या नवजात बाळांचे दंड टेपने मोजले, चरबी चिमट्याने मोजली. आपली बाळं हलकी, स्नायूंनी किडकिडीत, पण चरबी राखून असलेली, हे त्यातूनच कळलं. साधनं साधी, हात मात्र तयार केलेले.

माझा राग आहे तो 2011 नंतरच्या दशकावर. मी तेव्हा उस्मानाबादेत फिजिओथेरपी करत होतो. शेजारच्या बीडमध्ये जनगणनेने हजार मुलांमागे जेमतेम आठशे मुली दाखवल्या, 2012 मध्ये परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण फुटलं आणि त्याच वर्षी पोर्टेबल सोनोग्राफी मशीनवर कडक नियम आले. यायलाच हवे होते. गर्भातल्या मुली मारून बंगले बांधणाऱ्यांनी यंत्राचं नाव असं घालवलं, की लकव्याच्या म्हाताऱ्याची मांडी मोजायला ते घरी नेणं म्हणजे गुन्हाच. आम्ही टेपवर राहिलो. टेपला हाड, चरबी, सूज सगळं सारखंच.

तिकडे 2013 साली लंडनच्या अभ्यासात दिसलं, की अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या मांडीच्या पुढच्या स्नायूचा छेद दहा दिवसांत सरासरी 17.7 टक्क्यांनी घटतो. आता काकूंचे दोन आकडे बघा. मोजणाऱ्यांतला फरकच जवळपास तेवढा! मग झिजलं काय आणि वाढलं काय, कशावरून सांगणार?

फरक पडतो तो हातामुळे. मशीनचा प्रोब किंचित दाबला की स्नायू पातळ दिसतो. प्रोब तिरका धरला की छेद बदलतो. म्हणून जेलचा जाड थर हवा, हात तरंगता हवा, पाय सैल हवा, चालून आलेल्याला आधी आडवं पडू द्यायला हवं, आणि कमरेच्या हाडापासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत टेप लावून पेनाने खूण हवी. शिबिरात खूण नव्हती, टेपही नव्हता.

संत गोरोबाकाका कुंभारांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून नामदेवांना कच्चं ठरवलं, ही कथा आमच्या गावची. दुसऱ्या कुंभारानेही तेच सांगितलं असतं का, हे कुणी विचारलं नाही. गोरोबाकाकांचा हात सगळ्यांना ठाऊक होता. शिबिरातल्या मुलांचा हात कुणाला ठाऊक आहे?

तो ओळखायची रीत सोपी आहे. दोघांनी एकमेकांचे आकडे न बघता तीच माणसं मोजायची, आठवड्याने पुन्हा मोजायची. एवढ्याला एखाद-दुसरी दुपार लागते. पण त्या दुपारचं बिल कुणाच्या नावे फाडायचं, हे अजून ठरलेलं नाही.