पत्र्यावरचे दगड आधी उतरवा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. जमिनीखालचा ताणलेला खडक तुटला. कोणाचा कोप नव्हता. दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदं झोपेत अंगावर पडून हजारो माणसं दगावली.

२१ मार्च २०२४ ला हिंगोली भागात ४.५ चा धक्का बसला. आकडा एकाने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, म्हणून हा किल्लारीपुढे लहानच. तरी नांदेड प्रशासनाने पत्र्यावरचे दगड काढायला सांगितलं.

जालन्याच्या वस्त्यांतही वाऱ्यासाठी पत्र्यावर दगड ठेवतात. खाली लेकरं झोपतात. दगड उतरवा, पत्रे बोल्टने कसा. कोणी जखमी झालं तर मान हलवू नका, रक्त कापडाने दाबून धरा, १०८ ला फोन करा.