मिरचीचा अर्क आणि उसाचे अल्कोहोल



नेसरी-गडहिंग्लज पट्ट्यात नदीकाठी ऊस आणि काळ्या रानात संकेश्वरी मिरची, ही पैसा देणारी जुनी पिके. मिरचीचे क्षेत्र आता घटले आहे, तरी गडहिंग्लजच्या बाजारात अजून तिचे सौदे निघतात. या दोन पिकांचे नाते कारखानदारीत कसे जुळते, ते आज सांगायचे आहे.

मसाल्याच्या धंद्यात आज नुसती मिरची विकली जात नाही. तिचा अर्क काढून विकतात. त्याला ओलिओरेझिन म्हणतात. केरळात कोलेंचेरी येथे १९७२ साली सुरू झालेली सिंथाइट ही कंपनी या धंद्यातली मोठी. रंगासाठी ब्याडगी आणि तिखटासाठी आंध्रातली तेजा घेतात. मिरचीची पूड करून ती द्रावकात भिजवायची, रंग आणि तिखट त्यात उतरले की द्रावक तापवून उडवायचे व परत गोळा करायचे. मागे दाट लाल अर्क राहतो.

प्रश्न असा की द्रावक कोणते? बरीच वर्षे हेक्झेन वापरात आहे. ते पेट्रोलियमपासून निघते, स्वस्त आहे, ६९ अंशाला उकळते. पण त्याची वाफ भडका घेते आणि कामगाराने ती वर्षानुवर्षे हुंगली तर हातापायाच्या नसा दुखावतात. अमेरिकेत मसाल्याच्या ओलिओरेझिनमध्ये हेक्झेन टनामागे २५ ग्रॅमच्या वर चालत नाही. उलट युरोपच्या २००९ च्या नियमावलीत अल्कोहोल, इथाइल अॅसिटेट आणि कार्बन डायऑक्साइड यांना काम नीट केले तर सर्व खाद्यपदार्थांसाठी परवानगी आहे.

आता बघा, हे तिन्ही जिन्नस उसातून मिळतात. एक टन उसाच्या मोलॅसिसमधून साधारण १० लिटर अल्कोहोल निघते. आंबवताना जवळजवळ तेवढ्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. अल्कोहोलपासून इथाइल अॅसिटेट बनते. काही कारखान्यांत ते बनवतात. मात्र एकच द्रावक सगळी कामे करत नाही. मिरचीचे तिखट अल्कोहोलमध्ये झटकन उतरते. रंग तेलकट, तो पाणीमिश्रित अल्कोहोलला दाद देत नाही. त्याला इथाइल अॅसिटेट बरे. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशाच्या वर आणि ७३ वातावरणांहून जास्त दाबाखाली द्रवासारखे काम करतो आणि दाब काढला की उडून जातो, पण ती यंत्रसामग्री फार महाग.

(डिस्टिलरीतले स्पिरिट घरी आणून प्रयोग करण्याचा विचार कोणी करू नये. उत्पादन शुल्क खाते तर आहेच, शिवाय औद्योगिक स्पिरिटमध्ये विषारी पदार्थ मिसळलेले असतात.)

सभासदाच्या दृष्टीने खरी गोम पुढे आहे. दहा किलो मिरचीचा साधारण एक किलो अर्क होतो. द्रावक रंग तर उचलतेच, पण फवारलेल्या औषधाचा उरलेला अंशही उचलते. म्हणजे सालीवर होता त्याच्या दहापट दाट होऊन तो अर्कात येऊ शकतो. द्रावक उसाचे, स्वच्छ असले तरी त्याला हे टाळता येत नाही. आज व्यापारी मालाची तपासणी मागतात ती यासाठीच. औषधाच्या डब्यावर तोडणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची ते छापलेले असते. ते वाचावे, वाचता येत नसेल तर आमच्या गट ऑफिसात विचारावे.

फुलकिडे व मावा थोडा असतानाच निंबोळी अर्क फवारा. यात द्रावक म्हणजे आपले विहिरीचे पाणी! ५ किलो वाळलेल्या निंबोळीचा भरडा रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवावा. सकाळी फडक्यातून पिळून घ्यावा, त्यात २०० ग्रॅम धुण्याची पावडर विरघळवून एकूण १०० लिटर पाणी करावे. उन्हात अर्काचा गुण जातो, म्हणून त्याच दिवशी संध्याकाळी फवारावे. काही जण लसूण-मिरची रॉकेलमध्ये भिजवून फवारतात. ते बंद करावे. पाने करपतात आणि मालाला वास राहतो. निंबोळीचा उरलेला चोथा उसाच्या सरीत टाकला तरी चालतंय.