गोळीचा हिशेब मांडणारे किरण

नंदुरबारमध्ये गोळीबार म्हटला की माणिक चौक आठवतो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिथे पोलिसांच्या गोळ्यांनी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती हुतात्मा झाले. गोळ्या कोणी झाडल्या, हे तिथे भरदिवसा गावाने पाहिले. पण सातपुड्यातल्या एखाद्या घाटरस्त्यावर रात्री गावठी कट्टा चालला, तर पाहणारे कोणी नसते. मग साक्षीला उरते ती शरीरात रुतलेली गोळी, आणि तिचा पहिला जबाब एक्स-रे घेतो.

भौतिकशास्त्रज्ञ रॉन्टजेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण शोधले. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी कॅनडातल्या माँट्रियल शहरात एकाच्या पायात गोळी घुसली. डॉक्टरांना ती सापडेना. मॅकगिल विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन कॉक्स यांनी पाऊण तास किरण सोडून छायाचित्र घेतले, तेव्हा नडगीच्या दोन हाडांमध्ये चपटी झालेली गोळी दिसली. पुढे तेच छायाचित्र न्यायालयात पुरावा ठरले.

शिसे किरणांना अडवते, म्हणून गोळी हाडापेक्षाही पांढरीशुभ्र उमटते. शवविच्छेदनाआधी, शक्यतो अंगावरच्या कपड्यांसकट, एक्स-रे काढावा असा दंडक आहे, कारण बाहेर पडलेली गोळी कपड्यांतही अडकलेली असू शकते. एक समोरून आणि एक बाजूने अशी दोन चित्रे घेतली की गोळी किती खोल आहे ते कळते. मग हिशेब जुळवायचा : गोळी शिरल्याच्या जखमा किती, बाहेर पडल्याच्या किती, आत काय उरले? हाडावर आपटून गोळी वळते. क्वचित रक्तवाहिनीत शिरून रक्ताबरोबर भलतीकडेच जाते. पोटावर जखम आहे म्हणून गोळी पोटातच असेल, असे धरून चालत नाही. छर्रे विखुरलेले दिसतात. वेगवान रायफलच्या गोळीच्या वाटेवर अनेकदा धातूचे बारीक कण पसरतात.

किरणांना मर्यादाही आहेत. फिल्मपासून दूर असलेली गोळी मोठी दिसते, म्हणून नुसत्या सावलीवरून तिची जाडी ठरवू नये. सीटी स्कॅन गोळीची वाट तिन्ही मितींत दाखवते, पण धातूभोवती रेघा उमटून चित्र बिघडते. स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठाने स्कॅनच्या आधारे शवविच्छेदनाची पद्धत घडवली. दिल्लीच्या एम्समध्ये ती २०२१ मध्ये सुरू झाली. तरीही बंदूक ओळखायला गोळीच हातात यावी लागते. रायफल किंवा पिस्तुलाच्या नळीतल्या पिळाच्या खाचा गोळीवर उमटतात. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत त्या तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली जुळवून पाहतात. म्हणून गोळी उघड्या धातूच्या चिमट्याने ओढायची नाही. हातमोजा घातलेल्या बोटांनी किंवा रबर लावलेल्या चिमट्याने काढून, वाळवून, कापसात ठेवून सीलबंद करायची. चिमट्याचा एक ओरखडा खटल्याला भोवू शकतो.

जखमी माणूस जिवंत असेल तर प्रश्न वेगळा असतो. काढताना जिवाला धोका असेल, तर शल्यचिकित्सक गोळी आतच राहू देतात. अशा वेळी तपासासाठी गोळीचे चित्रच हाती राहते.

यासाठी महागडे यंत्र लागत नाही. ग्रामीण रुग्णालयातला साधा एक्स-रेही हे काम करतो. फिल्मवर नाव, तारीख, वेळ आणि डावी-उजवी बाजू लिहिलेली हवी. डिजिटल चित्र असेल तर मूळ फाईल जपलेली हवी. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात डॉक्टरांनी आणि तपास अधिकाऱ्यांनी एक शिस्त पाळावी : आधी चित्र, मग सुरी. मृताच्या घरच्यांनीही विचारावे, ‘एक्स-रे काढला का?’ तो त्यांचा हक्काचा प्रश्न आहे.