राउटरची बिटे: थोडी, पण पारखून
हौसेखातर सुतारकाम आरंभणाऱ्या गृहस्थास डझनवारी बिटांचा संच स्वस्त भासतो खरा. परंतु त्यांतील बहुसंख्य बिटे पेटीतच पडून राहत असल्याने, सरळ खाच पाडणारे एक व कडा गोलावणारे, बेअरिंग असलेले दुसरे, एवढीच खरेदी प्रारंभी पुरेशी होय. प्लायवुडमधील कठीण सरसामुळे हायस्पीड पोलादाची धार सत्वर बोथट होते. तेथे टंगस्टन कार्बाइडची पट्टी जडवलेले बिटच किफायतशीर ठरते, आणि ती पट्टी जाड असल्यास तिला पुन्हा धारही लावता येते. दांड्याचे माप मात्र काटेकोरपणे तपासावे: पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि त्या मापाच्या कॉलेटमध्ये (यंत्रातील बिट पकडणाऱ्या चिमट्यात) ६ मिलिमीटरचा दांडा पक्का न आवळला जाता चालत्या यंत्रातून निसटू शकतो. जुळत नसलेल्या दांड्यावर भागवण्याची काटकसर सर्वथा वर्ज्य समजावी.