‘आड’ शब्दाची व्युत्पत्ती

माजलगावास सिंदफणेचा शेजार आहे. तथापि मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणे तेथील बोलीतही पाण्याच्या खोदीव साधनांस निरनिराळी नावे आहेत. पायऱ्यांची ती बारव, रुंद ती विहीर, आणि अरुंद तोंडाचा, पोहरा सोडूनच पाणी शेंदावे लागणारा तो आड. ‘इकडे आड, तिकडे विहीर’ या म्हणीतही हा भेद गृहीत आहे.

‘आड’चे मूळ संस्कृत ‘अवट’ (खड्डा) होय. यज्ञयूप रोवण्यासाठी खणलेल्या खड्ड्यास हीच संज्ञा आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात (१.२७१) वकाराचा वैकल्पिक लोप सांगताना ‘अडो, अवडो’ अशी दोन रूपे नोंदविली. त्याच सूत्रात ‘देउलं’ आहे. म्हणजे मराठी ‘आड’ आणि ‘देऊळ’ यांचे पूर्वज एकाच सूत्रात शेजारी बसले आहेत!

एवढ्यावर बहुतेक विवेचने थांबतात. परंतु खरी अडचण येथेच आहे. ऱ्हस्वादी ‘अड’पासून ‘घर’प्रमाणे मराठीत ‘अड’च यावयास हवे, ‘अवड’पासून, ‘लवण’चे ‘लोण’ झाले त्या न्यायाने, ‘ओड’ अपेक्षित. दीर्घ ‘आ’ कोठून आला? पालीत याच अर्थी ‘आवाट’ असे दीर्घस्वरयुक्त रूप आहे. त्यापासून ‘आवाड’ व वकारलोपाने ‘आड’ हा क्रम सरळ लागतो. तेव्हा मराठी शब्दाचा पूर्वज हेमचंद्राच्या रूपांत नव्हे, तर पालीशी जुळणाऱ्या एखाद्या बोलीरूपात शोधणे अधिक सयुक्तिक होय.

ऋग्वेदात विहिरीस दंत्य तकाराचा ‘अवत’ शब्द आहे. त्याचा संबंध लॅटव्हियन भाषेतील ‘अवुओत्स’ (झरा) या शब्दाशी जोडतात. ‘अवट’ हे ‘अवत’चेच मूर्धन्यीकरण, असे काही विद्वान मानतात, मात्र मूर्धन्यीकरणाचे कारण उघड नसल्याने तो दुवा सैल राहतो.

‘आडवा’, ‘आडोसा’ यांतील ‘आड’ अर्थातच निराळा. तो अडथळावाचक ‘अड्ड’च्या कुळातील. हा विवेक स्थलनामांत विशेष लागतो. ‘आडगाव’ नावाची गावे मराठवाड्यात व नाशिककडे आहेत. त्यांपैकी कोणते आडाचे गाव आणि कोणते आडवाटेचे, हे शब्दावरून ठरत नाही. गावात जाऊन जुना आड पाहावा लागतो.