मजुरी नको म्हणणारा गॅरेजवाला

धाकट्या भावाची इको म्हणजे आमच्या घरची रोजीरोटी. सकाळी शाळेची मुलं, दुपारी नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट, श्रावणात भीमाशंकरचे भाविक. यंदाच्या उन्हाळ्यात घोडेगाव सोडून चढ लागला की गाडी दम टाकू लागली. ॲव्हरेज पडलं, मागून सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागला. एका गॅरेजवाल्यानं खाली वाकून पाहिलं आणि निदान केलं, "कॅट जाम झालाय. नवा परवडायचा नाही. आतली माती काढून पाइप मोकळा करून देतो. मजुरीही नको."

मजुरी नको, हेच मला खटकलं. भाऊ म्हणाला, "आपा, तुला गाडीतलं काय कळतं?" गाडीतलं कळत नव्हतं हे खरं, पण फुकटाचं थोडं कळतं.

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये बसवलेला डबा. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनी मातीची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा अगदी पातळ थर. विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे वायू या थराजवळून जाताना बरेचसे निरुपद्रवी होतात. १९९५ साली मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅट सक्तीचा झाला. शिशानं हा थर मरतो, म्हणून त्याच्याबरोबर शिसेविरहित पेट्रोलही आणावं लागलं. गॅरेजवाले ज्याला 'माती' म्हणतात, ती ही. आपल्या जिल्ह्यात इको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात चोरीला जात होते ते लोखंडासाठी नव्हे, या मातीसाठी. फुकट काम करणाऱ्याची मजुरी त्या डब्यातच होती.

माझा एक जुना विद्यार्थी आयटीआय करून आता मंचरकडे गाड्यांचं काम करतो. गाडी त्याच्याकडे नेली. त्यानं पहिलं विचारलं, "मॅडम, या लाइटवर काळी पट्टी कुणी चिकटवली?" भाऊ दुसरीकडे बघू लागला. इंजिनचा पिवळा दिवा दोन महिने पेटत होता, डोळ्यांत खुपतो म्हणून यानं झाकून टाकला होता!

स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला, तर दोन कोड निघाले: पी०४२० आणि पी०३०३. पहिल्याचा अर्थ, कॅटचं काम अपेक्षेपेक्षा कमी पडतंय. बरेच जण इथंच थांबतात आणि नवा कॅट मागवतात. पण पाइपच्या जोडातून हवा गळत असली किंवा मागचा ऑक्सिजन सेन्सर थकला असला तरी हाच कोड येऊ शकतो. दुसरा कोड जास्त महत्त्वाचा निघाला. तिसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नव्हती. प्लग काढला, त्याची चिनी माती तडकलेली.

त्यानं सांगितलं ते असं. कॅट आपणहून क्वचित मरतो, त्याला कुणीतरी मारतं. प्लग चुकला की न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन तिथं जळतं आणि आतली वीट वितळते. इंजिन ऑइल पीत असेल तर ऑइलमधले घटक थरावर बसतात. भेसळीचं पेट्रोलही घात करतं. दिवा नुसता पेटला तर लवकर दाखवावं, लुकलुकू लागला तर गाडी बाजूला घ्यावी. तेवढ्यात वीट वितळू शकते.

मग कॅटची तपासणी. गाडी थंड असताना डब्यावर रबरी हातोडीनं टकटक केली. आत खुळखुळलं असतं तर वीट फुटली म्हणायचं. खुळखुळलं नाही. मग स्कॅनरवर दोन्ही सेन्सर पाहिले. पुढच्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ असा सतत वरखाली व्हायला हवा आणि मागचा साधारण ०.६-०.७ वर शांत बसायला हवा. आमचा मागचा पुढच्याची नक्कल करत होता. शेवटी पुढचा सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावला. २५०० आरपीएमला तीन पीएसआयच्या आत दाब असायला हवा, काटा पार पुढं गेला. वीट वितळून छिद्रं बुजली होती.

वितळलेली वीट धुऊन किंवा बाटलीतलं औषध टाकून सुधारत नाही. तशी औषधं हलक्या काजळीला थोडीफार चालतात, एवढंच. कॅट बदलावाच लागला, आणि खर्च ऐकून भाभी दिवसभर बोलल्या नाहीत. काहीशे रुपयांचा प्लग वेळेवर बदलला असता तर ही वेळ आली नसती.

पाइप मोकळा का केला नाही, असं अजूनही कुणी कुणी विचारतं. मोटार वाहन कायद्यानं कंपनीच्या रचनेत असा बदल चालत नाही, आणि प्रदूषणाची मर्यादा ओलांडल्यास दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण मला दंडापेक्षा सकाळची रांग दिसते. गाडी फाटकाशी चालू ठेवून भाऊ मुलांना चढवतो, तेव्हा पहिलीतल्या पोरींची तोंडं नळीच्या उंचीवर असतात.

एक गोष्ट खास आपल्या भागासाठी. घाट चढून आलेला कॅट कित्येकशे अंशांपर्यंत तापलेला असतो. उसाच्या पाचटावर किंवा वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका. पीयूसीच्या जुन्या चिठ्ठ्याही फेकू नका. बीएस-४ पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. आमच्या चिठ्ठ्या ओळीनं लावल्या तर आकडा दर वेळी चढत गेलेला दिसला. कुणी वाचलाच नव्हता.

जुना कॅट आम्ही मागून घेतला. तो गिऱ्हाइकाचा असतो, गॅरेजचा नव्हे. तोलून, पावती घेऊन विकला, तेव्हा नव्याच्या खर्चातला थोडा भार हलका झाला. नव्या कॅटवर त्या पोरानं गाडीचा नंबर कोरून दिलाय, भोवती लोखंडी पट्ट्यांचा पिंजराही वेल्ड केलाय. रात्री भाऊ गाडी भिंतीला अगदी चिकटवून लावतो, आणि दिव्यावरची पट्टी अब्बांनी स्वतः नखानं खरवडून काढली.