चौसष्ट बाइटचा मारिओ

क्रॉस-स्टिच म्हणजे फुल्यांचे भरतकाम. जुन्या व्हिडिओ गेममधली पात्रे त्याला फार सोयीची पडतात, कारण पडद्यावरचा एक ठिपका म्हणजे कापडावरची एक फुली. नवशिक्याने १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधला छोटा मारिओ घ्यावा. तो १६ × १६ घरांत मावतो. इंचाला १४ घरे असलेल्या कापडावर सव्वा इंचही भरत नाही.

निन्टेन्डोच्या त्या यंत्रात चित्राच्या प्रत्येक घरासाठी दोनच बिट असत. दोन बिटांचे संकेत होतात चार: ००, ०१, १०, ११. त्यांतले तीन रंगांसाठी. चौथ्याचा अर्थ ‘येथे काहीच नाही’, म्हणजे आपले न भरलेले कापड! घरे २५६, बिट ५१२. अख्खा मारिओ ६४ बाइटमध्ये. आपल्यालाही दोऱ्याच्या तीनच लडी पुरतात. म्हणून तर त्याचा सदरा, केस, मिशी आणि बूट सारे एकाच तपकिरी रंगाचे आहेत. मिशी मात्र त्याहून जुनी, १९८१ च्या ‘डाँकी काँग’मधली. इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड काढणे अवघड, म्हणून शिगेरू मियामोतो यांनी नाकाखाली मिशी दिली आणि केसांची कटकट टोपीने मिटवली.

कापडाच्या मध्यापासून घरे मोजत जावे. दोऱ्याच्या सहा पदरांपैकी दोन वापरावेत. प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेने तिरका हवा. नाहीतर प्रकाशाचे परावर्तन बदलते आणि एकाच रंगाच्या दोन छटा दिसू लागतात.

वर्गात सुई-दोरा नसला तरी आलेखाचा कागद असतोच. १६ × १६ घरे, तीन रंग, आणि प्रत्येकाने स्वतःचा चेहरा काढायचा. कोण आधी कान सोडून देतो आणि कोण ओठ, हे पाहण्यासारखे असते.